खाऱ्या हवेतली पद्मिनी

शिरगावसारख्या समुद्रकाठच्या गावात जुनी फियाट बाळगायची, तर ती कारखान्यातून निघाली तशीच ठेवण्याचा हट्ट परवडत नाही, हे माझं अनुभवाने पक्कं झालेलं मत आहे. प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे इथे गंजाचा प्रश्न गाडीच्या रूपापेक्षा तिच्या ताकदीचा असतो. वारा मीठ आणतो, पावसाळाभर ते ओलं राहतं, आणि दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या, पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी आतून सडत जातात. वरून रंग शाबूत, फार तर दोन-चार फुगे. पायाखालचं रबर उचलून स्क्रूड्रायव्हर दाबला की तो सरळ आरपार जातो. गाडी विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा. जिथे पुट्टी जाड थापलेली असते तिथे तो धरत नाही. असा पत्रा कापून नवा जोडण्यावाचून इलाज नसतो, म्हणजे ‘मूळची गाडी’ इथे तशीही उरत नाही. मग बदल करावा की नाही हा वाद निकालात निघतो आणि कोणता करावा, एवढाच उरतो.

जुन्या सांगाड्यात नवं यंत्र घालणं म्हणजे भ्रष्टाचार, असं मानणाऱ्यांनी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास आठवावा. १९६४ साली तिथे ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून सुरू झालेली गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. तिला पुढे डिझेल इंजिनही मिळालं, ती १३७ डी. याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली, तेव्हा शरीर इटलीच्या फियाट १२४ चं होतं आणि इंजिन जपानच्या निसानचं. अँबेसेडरला नव्वदच्या दशकात इसुझूचं इंजिन मिळालंच. जे काम कंपन्यांनी स्वतः केलं, ते मालकाने नीट विचार करून केलं तर त्यात पाप कसलं?

पण विचार करून, हे महत्त्वाचं. गॅरेजमध्ये पहिली सूचना येते ती ‘इंजिन बदलू या’ अशी. जिप्सीचं इंजिन उभं बसतं आणि चाळीसेक अश्वशक्तीच्या जागी ऐंशी मिळते, हा हिशेब ऐकायला गोड वाटतो. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत मात्र तो उलटा आहे. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, तर गाडीतली ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या उष्णतेतूनच बाहेर पडते. बंद ड्रम लवकर थंड होत नाही, तापला की पकड सुटू लागते. मनोरहून पालघरकडे येताना पुढे अचानक रिक्षा थांबली, तर जास्तीची अश्वशक्ती काय कामाची? म्हणून आधी पुढच्या चाकांना डिस्क, मग सीटबेल्ट, मग हेडलाइट. सीटबेल्टचा बोल्टही नुसत्या जुन्या पत्र्यात कसून भागत नाही. मागून जाड पट्टी वेल्ड करावी लागते, नाहीतर नेमक्या वेळी बेल्ट पत्र्यासकट हातात येईल.

एसीचंही तसंच. तो सुटा बसत नाही, आपलं गोत घेऊन येतो. पंख्याला वीज हवी म्हणून दमदार आल्टरनेटर. पुढे कंडेन्सर आल्याने रेडिएटरला वारा कमी, म्हणून मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा. कॉम्प्रेसर छोट्या इंजिनाची ताकद खातो, ते वेगळंच. एवढं करून बोईसरच्या मे महिन्यातल्या कोंडीत गाडी उकळली नाही, तर काम जमलं म्हणायचं. ही सुखसोय ऐश आहे, हा आक्षेप मला पटत नाही. न चालवलेल्या गाडीचे ब्रेक धरतात, टाकीच्या तळाला गंज साचतो. आणि घरातली माणसं आरामात बसतील तेव्हाच ती रोज चालेल.

शुद्धतावाद्यांची बाजू मात्र पोकळ नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ऐतिहासिक वाहन कशाला म्हणते? निदान तीस वर्षं जुनं, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच रस्त्यावर काढायची, पालघरच्या बाजारात भाजीला न्यायची नाही. एखादी निष्कलंक, एकहाती राहिलेली डिलाइट असेल तर तिने हाच मार्ग धरावा. तिला ड्रिल लावणाऱ्याला मीही माफ करणार नाही. उरलेल्या शेकडो सडक्या गाड्यांचं काय, याचं उत्तर या व्याख्यांत नाही. तिथे माझी अट एवढीच, की बदल परतवता यावा. पत्रा कापून जागा करायची नाही, काढलेले ड्रम ग्रीस लावून ठेवायचे.

इंजिनाच्या बाबतीत मी शुद्धतावाद्यांच्याच बाजूला आहे, आणि कायदाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीशी काय बोलणार? शिवाय १०८९ सीसीचं ते इंजिन बोअर करून, नवे पिस्टन आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालून शिरगाव ते पालघर या वाटेला पुरून उरतं. बोअरिंग-लेथची कामं करून देणारे या औद्योगिक पट्ट्यात मिळतात. अडतं ते पत्र्यापाशी. हातोडी आणि ठोकळ्यावर फियाटच्या चाकाची कमान हुबेहूब वळवणारे मेस्त्री आता कमी उरलेत, आणि ते महिनोन् महिने तारीख देत नाहीत.