एक आणि पाच

जॉन टॉरेक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ साली एक पेच मांडला. औषध थोडे, एका रोग्यास ते सगळेच लागते, उरलेल्या पाचांना प्रत्येकी पाचवा हिस्सा पुरतो. कोणास वाचवावे? आम्ही म्हणू, पाचांना! कुळासाठी एकाचा त्याग करावा, हा विदुराचा उपदेश अंगी मुरलेला. टॉरेक म्हणतो, नाणे उडवा. पाचांचे मरण एकत्र सोसणारा कोणी नसतो, ज्याचा त्याचा जीव एकच. हे आम्हांस पुरते पटत नाही. परंतु विदुराने टाकावयास सांगितलेला दुर्योधन अपराधी होता, तरी धृतराष्ट्रास ते साधले नाही. येथे तर रोगी निरपराध! त्याच्या उशाशी बसलेल्या आईला पाचाचा हिशेब कोणत्या तोंडाने सांगावा?