घाण कोणी काढायची?

चाळीतून फ्लॅटमध्ये राहावयास गेलेल्या आपल्या कुटुंबांतून हल्ली लहान जातीची कुत्री दिसू लागली आहेत. मुलांचा हट्ट असतो, पिल्लू गोजिरवाणे असते. पण ते घरात कोठेही शी-शू करू लागले की हौस ओसरते आणि फडके घरातील बाईच्या हाती येते. म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढे मांडत आहोत.

मुलांनी पॉमेरेनियन पिल्लू आणायचे ठरविले तेव्हा आमच्या आईने स्पष्ट बजावले, "तीस वर्षं नगरपालिकेत झाडू मारला, लोकांची घाण उचलली. आता कुत्र्याची उचलणार नाही आणि सुनेलाही उचलू देणार नाही. ज्याला हौस, त्यानं फडकं हातात घ्यावं." आईचे म्हणणे सोळा आणे खरे होते. आम्ही व दोन्ही मुलांनी पाळ्या वाटून घेतल्या, वेळापत्रक भिंतीवर लावले आणि मगच पिल्लू घरी आणले.

दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन-तीन तास लघवी धरवते. लहान जातीचे मूत्राशयही लहान, त्यामुळे त्याला वरचेवर न्यावे लागते. झोपून उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याला ठरलेल्या जागी न्यावे. ते जमीन हुंगत गोल फिरू लागले की वेळ आली असे समजावे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असल्या की शीच्या वेळाही आपोआप ठरतात. रात्री दोनची पाळी आम्ही स्वतःकडे घेतली होती.

लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला इतर कुत्री फिरतात तेथे सोडू नये. पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग पिल्लांचा जीव घेतात. म्हणून आम्ही गॅलरीच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्रे अंथरली. कागद बदलताना ओल्या कागदाचा एक तुकडा नव्या कागदांवर ठेवीत असू. त्या वासाने पिल्लू जागा ओळखते. काम झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. पाच मिनिटांनी दिलेली शाबासकी कशाबद्दल आहे, हे त्याला कळत नाही.

माराचेही तसेच आहे. शेजारच्या एका काकांनी सल्ला दिला, "नाक घासा त्याचं त्यात, दोन फटके द्या, बरोबर शिकेल." आम्ही ते केले नाही. फटके खाल्लेले पिल्लू इतकेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते कपाटामागे, पलंगाखाली जाऊन करते. मुक्या जिवाला भीती घालून स्वच्छता शिकविता येत नाही.

फरशी पुसताना अमोनिया असलेले द्रव वापरू नये. त्याचा वास लघवीसारखा असल्याने पिल्लू पुन्हा तेथेच येते. फिनाईल त्याच्या चाटण्यात आले तर अपाय होतो. आधी साबणपाणी आणि नंतर प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रव वापरल्यास वास मुळापासून जातो. पिल्लांच्या शीतून जंत मुलांकडे येऊ शकतात. तेव्हा जंताचे औषध वेळेवर द्यावे आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. शिकलेले पिल्लू एकाएकी पुन्हा घरात लघवी करू लागले, किंवा लघवीत रक्त दिसले, तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या पिल्लाला ही सवय पक्की होण्यास सहा महिने लागले. लहान जातींना वेळ जास्त लागतो, धीर सोडू नये. आता ते जिना उतरून खाली जाते. सोबत जाणाऱ्याच्या खिशात कागद आणि पिशवी असते. सोसायटीच्या आवारातील झाडलोट करणाऱ्या ताईंसाठी आम्ही काहीही मागे ठेवीत नाही. आमचा मुलगा, जो पूर्वी स्वतःचे ताटही उचलत नसे, तो आज न सांगता वाकून घाण उचलतो. आई हे खिडकीतून पाहते, बोलत काहीच नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, पिल्लू अवश्य आणा. मात्र त्याची किंमत विचारण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा आणि त्याची घाण कोण काढणार, हे आधी ठरवा.