नासपती आणि एक पोस्टकार्ड

तीसेक वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात मी पुस्तकांचं सदर लिहायचो. त्यात एकदा संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ची टर उडवली. 13 पैकी 9 भागच वाचले होते. आई मोनिका ऑस्तियाला वारली, तिथे गोष्ट संपली असं समजून पुस्तक मिटलं. सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर शेजारची नासपती चोरली त्यावर हा पानंच्या पानं लिहितो. पंधरा-एक वर्षं सोबत राहिलेल्या, मुलाच्या आईला आफ्रिकेला परत धाडलं त्याला मात्र चार ओळी. ढोंग आहे, असं मी छापलं. त्या बाईबद्दलचा आक्षेप आजही मागे घेत नाही. तिचं नावसुद्धा तो देत नाही.

नासपतींबाबत मात्र चुकलो.

त्याच सदरासाठी एका नवख्या कवीचा पहिला संग्रह आला होता. बेताचाच होता, दोन ओळींत बोळवण झाली असती. पण लिहिलेलं मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. तिघं हसले. चहा आला. मी आणखी एक टोमणा घातला, कुणीतरी त्याहून झोंबरा सुचवला, तोही घेतला. अंक निघाल्यावर पोस्टकार्ड आलं : ‘अभिप्राय वाचला. आभारी आहे.’ ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

परवा घर बदलताना कार्ड खणात सापडलं, म्हणून ‘कन्फेशन्स’चा नासपतींच्या चोरीचा दुसरा भाग पुन्हा काढला. फळं काही खास नव्हती, याहून चांगली ऑगस्टीनच्या घरी होती. जेमतेम चाखून डुकरांपुढे टाकली. मग तो स्वतःला विचारत राहतो, एकटा असतो तर केलं असतं का? नसतं केलं. मला चहाचे ग्लास आठवले.

या वेळी राहिलेले भागही वाचले. 386 साली मिलानच्या बागेत पालटलेला माणूस दहा-बारा वर्षांनी, बिशप असताना, दहाव्या भागात लिहितो की पाल माश्या पकडताना दिसली की अजून पाहतच बसतो. स्तोत्रं ऐकताना शब्दांपेक्षा सुरात जास्त गुंततो. आणि मी या पुस्तकाला सुटलेल्या माणसाची फुशारकी म्हटलं होतं.

कवीला लिहायला बसलो. कार्डावरचा पत्ता ओल लागून फुटला आहे, पिनकोड तेवढा लागतो.