पुढच्या सुटीत

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची आगगाडी वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्ध होती. सन १९९३च्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुलांस घेऊन तिच्यातून निघालो. १९२१ साली मँचेस्टर येथे घडलेले वाफेचे इंजिन तेव्हा ती ओढीत असे. मार्ग सुमारे ११३ किलोमीटरांचा, पण गाडी मोठी संथ.

आम्ही पडलो संस्कृताचे मास्तर! गाडीच्या नावावरून कण्वांचा आश्रम, दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी असे आमचे निरूपण सुरू झाले. दारव्ह्यास गाडी थांबली तेव्हा धाकट्याने हळूच विचारले, “बाबा, इंजिन पाहून येऊ?”

आम्ही म्हणालो, “अंगठी कोणास सापडली, ते आधी सांग. इंजिन पुढच्या सुटीत पाहू.” पोर निमूटपणे बसले.

पुढची सुटी लागण्यापूर्वीच, १५ एप्रिल १९९४ रोजी, ते इंजिन काढून डिझेलचे जोडण्यात आले. पुढे गाडीही बंद पडली.

यंदा दिवाळीत नातवाने पंक्तीत विचारले, “आजोबा, शकुंतलेचे इंजिन कसे होते हो?” आम्ही गप्प राहिलो. चिरंजीव हसून म्हणाले, “इंजिन काही आम्ही पाहिले नाही, अंगठी मात्र कोळ्यास सापडली!”

सारे हसले. आमच्या घशाखाली घास उतरेना.

मुलांस सहलीस नेणाऱ्या गृहस्थांस आमचे एवढेच सांगणे आहे की, पोर जे दाखवा म्हणेल, ते त्याच वेळी दाखवावे. शाकुंतल घरीही शिकविता येते.