बॅटिंग घेऊन पळणाऱ्यांची सूरह

जुने नाशिक,
रविवार रात्र

बेटी,

तुझ्या रविवारच्या वर्गासाठी तू केलेला तक्ता मिळाला. वर्षभराचे रविवार आणि दर रविवारी एक गुण: सच्चाई, सब्र, शुक्र, अमानत, हया. प्रत्येकासमोर एक आयत, एक हदीस आणि शेवटी पाठांतराला मार्क. कोंढव्यात तुमच्या सोसायटीतल्या आयांना तो फार आवडला असणार. मेहनत दिसतेच आहे. पण मला तो पटला नाही, आणि का पटला नाही ते फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

बारा ते पंधरा वर्षांची पोरं गुणांच्या याद्यांना पार सरावलेली असतात. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला एक यादी, मक्तबात दुसरी, घरी अब्बांची तिसरी. खरं बोलावं हे त्यांना आपल्याहून चोख पाठ असतं. त्या पाठांतराचा आणि संध्याकाळी गल्लीत आपण जे वागतो त्याचा काही संबंध असेल, हे मात्र त्यांच्या गावीही नसतं.

इथे इशानंतरच्या वर्गात यंदा मी सुरुवात सूरह मुतफ्फिफीनने केली. ८३ वी सूरह, शेवटच्या पाऱ्यातली. सगळ्यांचा नाजरा, म्हणजे बघून वाचन, झालेला, काहींना तोंडपाठ, पण मतलब एकालाही ठाऊक नाही. पहिल्या तीन आयतींचं म्हणणं मी साध्या मराठीत सांगितलं: जे स्वतः घेताना माप पुरेपूर घेतात आणि दुसऱ्याला देताना मापात मारतात, त्यांची खैर नाही. एवढं बोललो आणि गप्प बसलो.

आपल्या मोहल्ल्यातली बरीच पोरं संध्याकाळी बापाच्या गाडीवर नाहीतर दुकानात असतात, हे तुला माहीत आहे. दूध बाजारात फळांच्या गाडीवर बसणारा एक जण म्हणाला, "सर, मिठाईवाले खोक्यासकट वजन करतात, ते पण यात आलं का?" आलं, म्हटलं. दुसरा म्हणाला, काटा शून्यावर न आणताच माल टाकतात, गिऱ्हाइकाचं लक्ष पिशवीकडे असतं. त्यावर जरा वेळ कोणी काही बोलेना, कारण सांगणाऱ्याच्या घरी स्वतःचाच काटा होता. मग वर्गातला सगळ्यात लहान, चष्मा वर सारत म्हणाला, "आणि बॅटिंग घेऊन घरी पळून जातो तो?"

हशा पिकला. सगळ्यांच्या माना एकाच पोराकडे वळल्या. तफसीरच्या जाड किताबांत हे उदाहरण मिळायचं नाही, पण आयतीचा गाभा त्या चष्मेवाल्याने अचूक पकडला होता. आपली पाळी पुरेपूर घ्यायची आणि फील्डिंग आली की "अम्मी बुलाती है" म्हणून सटकायचं! पुढे त्यांचं त्यांनीच वाढवत नेलं. उतरवून घ्यायला दुसऱ्याची वही हवी, आपली मात्र कुणाला द्यायची नाही. ताईने पाणी आणून द्यायचं, ताईने काही मागितलं की अभ्यास आठवतो. तुझ्या तक्त्यात याला 'अमानत' म्हणशील की 'इन्साफ'? मी काहीच नाव दिलं नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

पुढची गंमत ऐक. त्याच आठवड्यात ईदगाह मैदानावर त्या पळणाऱ्याचं नाव 'मुतफ्फिफ', म्हणजे मापात मारणारा, पडलं. आता हे कुरआनमधलं नाव म्हणून पोरांना वाटलं, सवाबच मिळतोय. म्हणजे पुढचा सबक आपोआप ठरला: ४९ वी सूरह, हुजुरात, आयत ११. एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाका मारू नका. पुरुषांना सांगून झाल्यावर तीच गोष्ट बायकांना वेगळी सांगितली आहे. तुझ्या वर्गात मुली आहेत, हे विसरू नकोस. मुलींच्या टोपणनावांना धार जास्त असते, असं तुझी आई लहानपणापासून म्हणत आली आहे.

माझं ऐकशील तर अख्खी तिमाही हुजुरातवरच घालव. अवघ्या १८ आयती, पण या वयाचं सगळं त्यात आहे: आवाज चढवणं, नाव ठेवणं, संशय घेणं, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं, पाठीमागे बोलणं. यातही सहावी आयत सोडू नकोस. बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असं तिचं सांगणं.

ती शिकवताना मी पोरांना राईनपाड्याची हकिगत सांगतो. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेला धुळ्याचा साक्री तालुका. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाइलवर आठवडाभर फिरतच होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावातही हेच व्हायचं होतं. परगावच्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. तिथे मात्र मोहल्ल्यातल्याच माणसांनी त्यांना आत घेतलं, पोलीस आले आणि ते कुटुंब वाचलं. मी एवढंच विचारतो: आयत दोन्हीकडे तीच होती, मालेगावात त्या घडीला ती कुणी पाळली? जमावातल्या कित्येकांना अरबी वाचता येत असणार आणि नमाजही येत असणार. पोरं यावर बराच वेळ वाद घालतात. घालू दे. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यातल्या एकाचा जरी अंगठा थबकला, तरी मला मार्क द्यायची गरज वाटत नाही.

तेराव्या आयतीबद्दल थोडक्यात. सगळे एकाच आईबापाची लेकरं, टोळ्या आणि कबिले फक्त ओळखीपुरते, हे शिकवताना आपली गाडी नेहमी अरबस्तानात फिरते. मी पोरांना गोदावरीपलीकडे पंचवटीत नेतो, काळाराम मंदिराच्या बाहेर उभं करतो आणि २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी इथे सत्याग्रह का सुरू केला ते सांगतो. परतताना विचारतो, आपल्यात बागवानाची मुलगी पिंजाऱ्याच्या घरी देतात का? उत्तर त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं. एका पालकाला हा प्रश्न आवडला नाही, महिनाभर पोराला पाठवलं नाही. मी प्रश्न काही बदलला नाही.

सूरह लुकमान तुझ्या तक्त्यात आहे, ठीक, पण तू तिचे सहा तुकडे करून सहा रविवारांना वाटलेस. तसं करू नको. १२ ते १९ या आयती सलग घे. एक बाप मुलाशी बोलतोय. अल्लाहशी कुणाला बरोबरीला धरू नको इथून सुरू होतं, नमाज येते, सब्र येतो, आणि शेवट कुठे होतो? लोकांपुढे गाल फुगवून फिरू नको, ऐटीत चालू नको, आवाज खाली ठेव, गाढवासारखं ओरडू नको. एवढ्या थोर गोष्टींच्या ओळीत चालणं आणि बोलणं! तेरा वर्षांच्या पोराचं नवं घडत असतं तेही नेमकं हेच: चाल बदलते, आवाज फुटतो. मधेच आईची आठवण येते, थकव्यावर थकवा सोसून तिने पोटात वाढवलं ते. आणि लगेच मर्यादाही सांगितली आहे: आईबाप शिर्कसाठी, म्हणजे अल्लाहशी कुणाला बरोबरीला धरण्यासाठी, जबरदस्ती करू लागले तर ऐकू नको, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणानेच राहा. ऐकायचं नाही तरी वागायचं नीट, हे या वयाला सांगणारं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

इथे मला साने गुरुजी आठवल्याशिवाय राहत नाहीत. 'श्यामची आई' त्यांनी आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. पुढे याच माणसाने पैगंबरांचं चरित्र मराठीत लिहिलं, 'इस्लामी संस्कृती' नावाने. नोकरीत असताना मी श्याम शिकवायचो आणि संध्याकाळी मक्तबात लुकमान, आणि मला दोन वेगळ्या दुकानांत बसल्यासारखं कधी वाटलं नाही. श्यामची आईही यादी देत नाही. आंघोळीनंतर पाय मळतील म्हणून पोरगं कुरकुरलं, की तेवढ्यावरून ती मनाच्या मळाबद्दल बोलून जाते आणि कामाला लागते. तुझ्या इंग्रजी शाळेतल्या पोरींना उर्दूही धड येत नाही म्हणतेस, तर मराठी 'दिव्य कुरआन' मागवून घे. अर्थ घरच्या भाषेत कळला की प्रश्न सुरू होतात.

आता पालकांचं. ते तुझ्या तक्त्यात कुठेच नाहीत, माझी खरी तक्रार ही आहे. सूरह नूरच्या ५८ आणि ५९ या आयती त्यांच्यासमोर वाच. लहान मुलांनी दिवसातून तीन वेळांना परवानगी घेऊन आत यावं, आणि वयात आली की मोठ्यांसारखी नेहमीच घ्यावी. म्हणजे पोर वयात आलं की त्याला मोठ्यांच्या अदबीत घेतलं जातं. मग अदब दोन्हीकडून नको का? दोन खोल्यांच्या घरात दार ठोठावायला दारच नसतं, मान्य. पण पोर झोपल्यावर चोरून त्याचा मोबाइल चाळणाऱ्या बापाला हुजुरातची बारावी आयतही ऐकव, टेहळणी करू नका म्हणणारी. मोबाइल बघायचाच तर सांगून, समोर बसून बघा. यावर माझं इथल्या दोघा-तिघांशी बिनसलं आहे, तुझंही बिनसेल.

आणि हजरत अनस. नऊ-दहा वर्षांचे असताना पैगंबरांच्या खिदमतीत आले, दहा वर्षं राहिले, म्हणजे आपण ज्या वयाबद्दल बोलतोय ते अख्खं वय. तेच सांगतात की त्या दहा वर्षांत हुजूर त्यांना कधी 'उफ'सुद्धा म्हणाले नाहीत, हे का केलंस, ते का नाही केलंस, असंही नाही. आईबापाला 'उफ' म्हणू नये हे आपण पोरांना रोज ऐकवतो. ही दुसरी बाजू जुम्याच्या बयानात क्वचितच येते. सूरह अबसही तशीच. आंधळे इब्ने उम्मे मक्तूम मधेच बोलले म्हणून कपाळावर आलेली आठी, आणि त्याबद्दल खुद्द पैगंबरांना दिलेली समज, जी आजही नमाजेत मोठ्याने वाचली जाते. ती वाचून मुलांसमोर डोळे वटारणं मला तरी जड जातं.

आता शेवटी तू विचारलेल्या त्या मुलाचं. "अल्लाह आहे कशावरून" म्हणाला, आणि कमिटीतल्या काकांना त्याला वर्गातून काढायचंय. काढू देऊ नको. बकराची २६० वी आयत बघ: मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव, असं हजरत इब्राहीमनीच विचारलं होतं. ईमान नाही का, असं विचारल्यावर म्हणाले, आहे, पण दिलाला तसल्ली हवी. त्यांना कुणी हाकललं नाही, उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी ती आयत त्यालाच वाचायला सांग आणि काकांना पुढच्या बाकावर बसव.

आईला सलाम. तक्त्याचा कागद मागून कोरा आहे, हजेरीला वापर.

तुझा मामू