खांद्यावरचा हात

आमच्या पिढीतल्या नायब तहसीलदारांना ओळख परेड घ्यायला तुरुंगात जावं लागे. एका संशयितामागे निदान सहा डमी हवेत, तेही त्याच्याच वयाचे, बांध्याचे. ते जमवण्यातच अर्धा दिवस जाई. संशयिताच्या भुवईवर व्रण असला, तर सातही जणांच्या भुवईवर चिकटपट्टी लावायची. पोलिसांना बाहेर काढायचं, पंचांसमक्ष दार लावायचं आणि संशयितालाच विचारायचं, "कुठे उभा राहतोस?" मग साक्षीदाराला आत बोलवायचं.

इंग्लंडमध्ये हे काम आता बहुतेक पडद्यावरच होतं. संशयिताची छोटी चित्रफीत आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या निदान आठ जणांच्या फिती साक्षीदार किमान दोनदा पाहतो. समोर कुणी उभं नसतं, कुणाला हात लावायचा नसतो.

आमच्याकडे ओळखलेल्या माणसाला हात लावावा लागे. मंगळसूत्र ओढून नेल्याच्या प्रकरणातली एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. दोनदा रांगेसमोरून गेली. तिसऱ्या माणसापुढे थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी दोन बोटं त्याच्या खांद्याला लावली आणि लगेच पदराला पुसली. मी लिहिलं, "साक्षीदाराने क्रमांक तीनच्या इसमास ओळखले." तिची घालमेल कागदावर उतरलीच नाही. पद्धत निर्दय होती. भीतीने कितीजण नुसती मान हलवून परत गेले असतील. तरीही त्या खोलीतली शांतता मला हवीशी वाटते. एका बोटावर एका माणसाचं आयुष्य तोललं जातंय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

अमेरिकेत एका खटल्यात रोनाल्ड कॉटन नावाच्या माणसाला गुन्हेगार म्हणून ओळखणाऱ्या स्त्रीनेही आधी फोटो पाहताना बराच वेळ घेतला होता. न्यायालयात मात्र ती ठाम होती. 1985 मध्ये तो दोषी ठरला, 1995 मध्ये डीएनए तपासणीने निर्दोष सुटला.

आज संगणक फोटोंचा क्रम बदलू शकतो, दाखवणाऱ्यालाही संशयित कोण हे कळू न देता काम करू शकतो, साक्षीदाराचा शब्दन् शब्द टिपू शकतो. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. पण आता सीसीटीव्हीतला चेहरा परेडच्या आधीच साक्षीदाराच्या मोबाइलवर पोचतो. मग साक्षीदार माणूस ओळखतो की फोटो, हे कोण सांगणार?

आज ही जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना एवढीच विनंती: परेड होईपर्यंत तो फोटो साक्षीदारापासून दूर ठेवा. आणि तो "बहुतेक हाच" म्हणाला, तर "बहुतेक" गाळू नका.