जाड कार्डं, पातळ कार्डं

मामा लग्नांचे फोटो काढायचे. ते गेल्यावर कॅमेरे भाच्यांत वाटले गेले. कुणालाच नको असलेला मेमरी कार्डांचा स्टीलचा डबा मी घेतला.

मामांची विभागणी सोपी होती: जाड कार्ड मांडवाचं, पातळ कार्ड घरचं. जाड म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश. सॅनडिस्कने ते १९९४ साली आणलं. कडेला पन्नास भोकं, आणि साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवलं की लॅपटॉपच्या पीसी कार्डाच्या खाचेत सरकायचं. त्याच खाचेत मोडेमचं कार्डही बसे, म्हणून मामा तिला ‘धर्मशाळा’ म्हणत. पातळ म्हणजे तोशिबाचं स्मार्टमीडिया, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. पुढे २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मने काढलेलं नखाएवढं एक्सडी आलं. घरच्या छोट्या कॅमेऱ्यात हीच.

फरक नुसत्या जाडीचा नव्हता. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर असतो; कुठे काय लिहिलं, कुठला भाग खराब झाला, हा हिशेब कार्डच ठेवतं. स्मार्टमीडिया आणि एक्सडीत नुसती मेमरीची चिप. हिशेब कॅमेऱ्याने ठेवायचा, रीडरला तो समजायला हवा. त्यात फ्लॅश मेमरी विद्युतभारावर जगते, आणि न वापरता ठेवली तर तो वर्षानुवर्षं झिरपत जातो.

डब्यात एसडीही होती, प्रत्येकाचं लॉक खाली सरकवलेलं. लग्न आटोपलं की मामा आधी ते करत, मग जेवायला बसत. खरं तर ते लॉक म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. कार्डाला त्याचा पत्ताही नसतो, मान द्यायचा तो रीडरने. मामांना हे माहीत होतं. तरी सरकवत.

जुना रीडर मिळवला. जाड कार्डं उघडली. परक्यांच्या वराती, रुसलेल्या करवल्या, पंगतीतली जिलबी, सगळं लख्ख. पातळ कार्डांवर आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, वाड्याचं अंगण होतं, आणि एका छोट्या चित्रफितीत मामांचा आवाज होता: ‘आई, इकडं बघ की!’ आजी हयात असताना ती आम्ही कितीदा पाहिलेली. आता संगणक विचारतो, फॉरमॅट करू का?

पोटापाण्याचं टिकलं, घरचं गेलं. ज्यांची लग्नं टिकली त्यांना त्यांचे फोटो नेऊन द्यावेत, तर मामांनी नावं कुठे लिहिलीच नाहीत.

तुमच्या कपाटात अशी पातळ कार्डं असतील तर या रविवारीच बाहेर काढा. उघडली तर दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फॉरमॅटचं विचारलं, तर नाही म्हणा.